शेती, पाणी आणि माती: पुणे जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतील शेतकऱ्यांकडून आणि पुणे शहरातील ग्राहकांकडून सातत्याने येत असतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. जेथे एक विषय दुसऱ्याला लागून येतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शेती तर निसर्गाच्याच आधाराने चालते. मग शेतीमुळे पर्यावरणाचे नुकसान होते असे का म्हणतात?

रानात पडलेले पान तेथेच कुजते आणि तेथीलच झाडाला मिळते. शेतात हे चक्र तुटते. पिकाबरोबर मातीतील अन्नद्रव्ये बाजारात जातात, ती भरून काढण्यासाठी बाहेरून खत आणावे लागते आणि पिकाने न उचललेला खताचा भाग विहिरीत, ओढ्यात किंवा हवेत जातो. उघड्या जमिनीवरून पावसाबरोबर गाळ वाहतो, जाळलेल्या पाल्याचा धूर होतो आणि भूगर्भात मुरते त्यापेक्षा जास्त पाणी उपसले जाते.

हे नुकसान सर्वत्र सारखे नसते. मावळ, मुळशी, भोर आणि राजगड तालुक्यांत धो-धो पाऊस, उताराची जमीन आणि भातखाचरे आहेत. तेथे माती वाहून जाणे आणि खाचरांतून निघणारा मिथेन हे मुख्य विषय होत. बारामती, इंदापूर आणि दौंड या पर्जन्यछायेतील तालुक्यांत वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही कालव्याच्या जोरावर ऊस उभा असतो. तेथे पाणी आणि क्षार हे मुख्य विषय आहेत. म्हणून येथील प्रत्येक उत्तर एकाच कसोटीवर दिले आहे: शेतात राहायला हवे होते असे काय बांधाबाहेर गेले, आणि ते आत कसे ठेवता येईल.

२. उसाला पाणी लागते म्हणजे नक्की किती लागते?

एक एकरावर एक इंच पाणी उभे केले, तर ते सुमारे १ लाख लिटर भरते. पाटाने दिलेली एक पाळी सहज तीन इंचांची होते, म्हणजे एकरी ३ लाख लिटर. सरी-वरंब्यावर पाटपाण्याने घेतलेल्या बारा महिन्यांच्या सुरू उसाला हेक्टरी सुमारे २५० सेंटिमीटर, म्हणजेच अडीच कोटी लिटर पाणी लागते असे धरले जाते. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस याहूनही अधिक पाणी घेतो, कारण तो शेतात दीड वर्ष राहतो आणि एक पूर्ण उन्हाळा काढतो.

यातील बरेचसे पाणी पिकाच्या उपयोगी पडत नाही. मुळांच्या खाली झिरपलेले पाणी आपल्याबरोबर नत्र (नायट्रोजन) घेऊन जाते (प्रश्न ५), आणि निचरा नसलेल्या भारी जमिनीत तेच पाणी पुढे जमीन बिघडवते (प्रश्न ४). शिवाय वरच्या चारीवर भरपूर घेतलेले पाणी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या आवर्तनातून (पाण्याच्या पाळीतून) कमी होते. हा शेवटचा मुद्दा पर्यावरणाच्या चर्चेत फारसा येत नाही. आमच्या मते तो सर्वांत आधी यायला हवा.

३. ठिबक बसवले की पाण्याचा प्रश्न सुटला असे समजायचे का?

ठिबकमुळे उसात साधारण ३० ते ५० टक्के पाणी वाचते, विद्राव्य खते मुळांशी देता येतात आणि तण कमी उगवते. खर्च परवडत असेल तर ठिबक बसवावेच. मात्र पाणी खरोखर वाचले का, हे वाचलेल्या पाण्याचे पुढे काय झाले यावर ठरते. पूर्वी दोन एकर उसाला पुरणाऱ्या विहिरीवर ठिबकनंतर चार एकर ऊस उभा राहिला, तर विहिरीतून होणारा उपसा तेवढाच राहतो. उलट पाटपाण्यातून झिरपून शेजारच्या विहिरीला मिळणारे पाणीही बंद होते. एका शेतकऱ्याचा फायदा झालेला असतो, पण गावाची पाणीपातळी सुधारलेली नसते.

यावरचा उपाय यंत्रात नाही, नियमात आहे, आणि तो शोधायला पुणे जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीचे काम उभे केले. जमिनीच्या क्षेत्रावर पाणी न देता घरातील माणसांवर द्यावे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर सिंचनापुरते द्यावे, भूमिहीनांनाही वाटा असावा आणि त्या पाण्यावर ऊस घेऊ नये, असे ते नियम होते. असा नियम गावाने आधी मान्य केला, तर ठिबकने वाचवलेले पाणी खरोखर शिल्लक राहते. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवणे हे त्याच विचाराचे आजचे रूप आहे.

४. जमिनीवर पांढरा थर येतो आणि पीक पिवळे पडते. जिप्सम टाकावे का?

माती तपासल्याशिवाय टाकू नये. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या दुखण्यांना लोक सरसकट जमीन खराब झाली असे म्हणतात, परंतु त्यांचे उपचार वेगळे आहेत.

पहिली क्षारयुक्त जमीन. हिच्यात विरघळणारे क्षार जास्त असतात. विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आणि सामू (pH) ८.५ पेक्षा कमी असतो. पांढरा थर बहुधा येथे दिसतो. या जमिनीत जिप्समचा उपयोग नाही. चर काढून किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा आणि मग चांगल्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढायचे, हाच उपाय आहे. निचरा न करता नुसते भरपूर पाणी सोडले, तर पाणीपातळी आणखी वर येते आणि दुखणे वाढते.

दुसरी चोपण जमीन. हिच्यात मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते, सामू ८.५ च्या वर जातो आणि विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असते. पाऊस पडला की ही जमीन चिकट होते, वाळली की दगडासारखी कडक होते, आणि पाणी मुरत नाही. येथे जिप्सम उपयोगी पडते, कारण त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते. सुटलेले सोडियम बाहेर नेण्यासाठी निचरा मात्र येथेही हवाच. चोपण जमीन चुनखडीयुक्त असेल, तर तिच्यात कॅल्शियम आधीपासूनच अडकून पडलेले असते. अशा वेळी गंधक वापरून ते मोकळे करणे अधिक योग्य ठरते. मात्रा प्रयोगशाळेच्या अहवालावरून ठरवावी. दोन्ही प्रकारांत धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याआधी गाडल्याने जमिनीची घडण सुधारते.

हा प्रश्न नवा नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांतच त्याच्या लाभक्षेत्रातील भारी जमिनी पाणथळ आणि क्षारपड होऊ लागल्या. पाणी आणण्याचा खर्च सर्वांनी केला आणि ते बाहेर काढण्याचा खर्च कोणाच्या हिशेबात नव्हता. आज उपसा सिंचनाची नवी योजना करताना शेतकऱ्यांनी निचऱ्याची तरतूद आधी विचारावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

५. युरिया थोडा जास्त टाकला तर पीक हिरवेगार दिसते. त्यात वाईट काय आहे?

युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो. पीक त्यातील साधारण तिसरा भाग ते ४० टक्के उचलते. उरलेले नत्र तीन वाटांनी जाते: वरवर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो, काही नत्र नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरते, आणि ओल्या, हवा कमी असलेल्या मातीत काही नत्राचा नायट्रस ऑक्साइड होतो, जो १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय जास्त नत्राने लुसलुशीत झालेल्या पिकावर मावा आणि तुडतुडे लवकर येतात, म्हणजे फवारणीचा खर्चही वाढतो.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. लहान बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नायट्रेटमुळे कमी होऊ शकते, म्हणून शेतातील विहिरीचे पाणी पिण्यात असेल तर ते तपासून घ्यावे. ते उकळून उपयोग होत नाही. पाणी आटते आणि नायट्रेट तेवढाच राहतो, म्हणजे त्याचे प्रमाण उलट वाढते.

खत एकदम न देता हप्त्यांनी द्यावे, वाफशावर, म्हणजे जमिनीत बेताची ओल असताना, मातीआड करावे, खत दिल्यावर लगेच भरमसाट पाणी सोडू नये आणि फेरपालटात हरभरा, मूग किंवा चवळी यांसारखे द्विदल पीक आणावे. एवढ्याने बहुतेक ठिकाणी उत्पन्न न घटता युरिया कमी होतो. किती कमी करायचा हे माती परीक्षण सांगते (प्रश्न ६).

६. माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यावा?

पीक निघाल्यावर आणि पुढचे खत टाकण्यापूर्वी घ्यावा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती काढावी, एकत्र मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावे आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करत राहावे. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा आणि पाण्याची चारी टाळावी. अहवालात सेंद्रिय कर्बाचा आकडा आधी पाहावा: ०.५ टक्क्यांखाली असेल तर तो कमी समजतात. हा आकडा कमी असताना खताची मात्रा वाढवणे म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणे होय.

७. पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळल्याशिवाय खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारे पीक) चांगला फुटत नाही असे आमच्याकडे मानतात. ते खरे आहे का?

नाही. एका हेक्टरमध्ये साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते जाळले की त्यातील कर्ब आणि जवळजवळ सर्व नत्र व बरेचसे गंधक हवेत जाते, वरच्या थरातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि उघडी पडलेली जमीन मार्च-एप्रिलच्या उन्हात भराभर ओल सोडते. थंडीत हा धूर गावावरच रेंगाळतो आणि लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना त्याचा त्रास होतो.

खोडवा न फुटण्याचे खरे कारण बहुधा वेगळे असते. बुडख्यांवर पाचटाचा ढीग राहतो, किंवा ऊस जमिनीलगत न तोडल्याने फुटवे वरच्या डोळ्यांतून येतात. म्हणून तोडणी झाल्याबरोबर पाचट सरीत ओढावे, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटावेत, पाचटावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन टाकावे आणि मग पाणी द्यावे. ट्रॅक्टरचलित कुट्टी यंत्र मिळाले तर कुजणे आणखी लवकर होते. पाचटाखाली ओल टिकल्याने पाण्याच्या पाळ्याही कमी लागतात.

दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. एक, पाचटात उंदरांना आसरा मिळतो, त्यामुळे लक्ष ठेवावे लागते. दुसरी, काणी किंवा गवताळ वाढ या रोगांनी ग्रासलेली बेटे शेतात असतील तर ती मुळासकट काढून नष्ट करावी लागतात, आणि प्रादुर्भाव मोठा असेल तर त्या प्लॉटचा खोडवाच ठेवू नये. यासाठी सगळे शेत पेटवण्याची गरज नसते.

८. भातखाचरांतून मिथेन निघतो म्हणतात. मावळातल्या शेतकऱ्याने काय करावे?

पाणी साचलेल्या खाचरात मातीला हवा मिळत नाही आणि अशा स्थितीत सेंद्रिय पदार्थ कुजताना मिथेन तयार होतो. खाचर अधूनमधून सुकू देणे हा यावरचा जगभर सांगितला जाणारा उपाय आहे. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये मावळात पाणी सोडून द्यायचे म्हटले तरी वरून ते येतच राहते, त्यामुळे हा सल्ला येथे प्रामुख्याने पावसाची उघडीप आणि सप्टेंबरनंतरचा काळ एवढ्यापुरताच लागू पडतो.

येथे अधिक उपयोगी अशा दोन पद्धती महाराष्ट्रातच घडल्या. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत भाताचा पेंढा किंवा तुसाची काळी राख जमिनीत घालणे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला गाडणे, ठरावीक अंतरावर जोडओळीत लावणी करणे आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध चिखलात खोचणे, ही चार सूत्रे आहेत. गोळी खोल राहिल्याने नत्र वाहून जात नाही. दुसरी, नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचे सगुणा राइस तंत्र. त्यात चिखलणी आणि लावणी न करता गादीवाफ्यावर भात टोकतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात. तणनाशकावर त्याचा भर आहे, ही त्याची मर्यादा नमूद करायला हवी.

रोपवाटिकेसाठी डोंगरातील फांद्या तोडून त्या वाफ्यावर जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची, रीत मात्र सोडून द्यावी. गादीवाफ्यावर कुजलेले खत आणि तुसाची राख वापरून इंद्रायणी या भाताच्या वाणाची उत्तम रोपे तयार होतात.

९. सेंद्रिय शेती म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक शेती ना?

बहुतेक वेळा ती अधिक चांगली असते, आपोआप मात्र नसते. न कुजलेले शेणखत वापरल्यास त्याबरोबर हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि तणांचे बी शेतात येते. गरजेपेक्षा जास्त कोंबडखत टाकले तर विहिरीत नायट्रेट तसाच उतरतो. द्राक्षबागेत सेंद्रिय म्हणून चालणाऱ्या बोर्डो मिश्रणातील तांबे कधीच नष्ट होत नाही आणि वर्षानुवर्षे मातीत साठत जाते.

जीवामृताबद्दल फार विचारणा होते. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन, असे त्याचे प्रचलित प्रमाण आहे. या सर्वांतून मिळून नत्र अर्ध्या किलोपेक्षा जास्त भरत नाही. म्हणून जीवामृत जरूर वापरावे, परंतु त्याच्या भरवशावर ऊस किंवा मका यांसारख्या खादाड पिकाचे बाकीचे खत एकदम बंद करू नये. हिरवळीचे खत, द्विदल पिके आणि शेणखत यांनी नत्राची सोय आधी करावी. प्रमाणीकरणासाठी हंगामी पिकांना साधारण दोन आणि फळबागांना तीन वर्षांचा रूपांतरण काळ धरतात. त्या काळात उत्पन्न घटू शकते आणि सेंद्रिय मालाचा भावही मिळत नाही, म्हणून सर्व क्षेत्र एकदम न बदलता टप्प्याने बदलावे.

१०. बाटलीवर हिरवा त्रिकोण असेल तर ते फवारणीचे औषध मधमाश्यांना सुरक्षित असते का?

असे समजू नये. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हा क्रम माणूस आणि अन्य सस्तन प्राण्यांना होणाऱ्या तात्काळ विषबाधेवरून ठरवलेला आहे. मधमाशी, मासे किंवा गांडूळ यांच्याबद्दल तो काहीही सांगत नाही, त्यामुळे त्यासाठी सोबतचे माहितीपत्रकच वाचावे लागते. कांद्याचे बीजोत्पादन, सूर्यफूल, डाळिंब आणि काकडीवर्गीय पिके यांत फळधारणा सातेरी, फुलोरी आणि आग्या माश्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. फुलोऱ्यात फवारणी टाळावी. अगदीच गरज पडली तर माश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर करावी. मधपेट्या ठेवण्याचे शास्त्रीय शिक्षण पुण्यातच, १९६२ पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मिळते.

११. शेततळे तर पाणी साठवते. त्याला पर्यावरणाच्या दृष्टीने आक्षेप का घेतात?

आक्षेप शेततळ्याला नाही, ते कशाने भरले जाते याला आहे. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवून भरलेले तळे ही उत्तम गोष्ट आहे. परंतु प्लास्टिकचे अस्तर घातलेले तळे हिवाळ्यात विहीर किंवा बोअर उपसून भरले, तर जमिनीखाली सावलीत आणि सर्वांच्या वाट्याचे असलेले पाणी एका मालकाच्या तळ्यात उन्हात आणून ठेवले जाते. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ७ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी ३० मीटर लांब-रुंद तळ्यातून रोज ६,००० लिटरहून अधिक पाणी नुसते उडून जाते. फळबाग जगवण्यासाठी काहींना याखेरीज मार्ग उरत नाही हे आम्ही जाणतो. अशा वेळी तळ्यावर शेडनेट अंथरावे आणि किती पाणी उपसायचे हे ग्रामसभेत ठरलेले असावे.

सौर पंपालाही हेच लागू होते. तो डिझेलचा धूर वाचवतो आणि रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाण्याचा धोका टाळतो, परंतु वीजबिल नसल्याने उपशाला लगाम राहत नाही. उत्तर पुन्हा नियमातच आहे (प्रश्न ३).

१२. पुण्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीला मिळते. ते वापरावे का?

पुण्यातील मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपसा विहिरीतून) असे पाणी उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडले जाते. शहराने धरणाचे पाणी प्यावे आणि वापरलेले पाणी शुद्ध करून शेतीला द्यावे हा विचार योग्यच आहे, मात्र ते खरोखर शुद्ध केलेले असले पाहिजे. अर्धवट प्रक्रिया झालेल्या पाण्यात रोगजंतू आणि क्षार राहतात. म्हणून कोथिंबीर, पालक, मुळा यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते देऊ नये. चारा, ऊस, फुले आणि लाकडाची झाडे यांना द्यावे, पाणी देताना गमबूट घालावेत आणि दरवर्षी मातीची विद्युतवाहकता तपासावी. या पाण्यात नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) असतात, त्यामुळे खताची मात्रा तेवढी कमी करावी.

हेच नत्र आणि स्फुरद नदीतून उजनी धरणात पोहोचले की जलपर्णी आणि हिरवे शेवाळ माजते. त्यात शहरांच्या मैलापाण्याचा आणि शेतातून वाहिलेल्या खताचा, असा दोघांचाही वाटा आहे. भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्या पुणेकरांनी त्या पाण्याचा हिरवा रंगही पाहून यावा.

१३. जुन्नर-शिरूरच्या उसात बिबटे आहेत. ऊस काढून टाकला तर ते जंगलात परत जातील का?

कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, ऊस वाढला आणि बारा महिने दाट आडोसा तयार झाला. त्यात बिबट्यांची पिल्ले जन्मतात आणि तेथेच वाढतात. त्यांना परत जायला दुसरे जंगल माहीतच नाही. पकडून दूर सोडणे हाही उपाय ठरत नाही. जुन्नर परिसरातील बिबटे स्थलांतरित केल्यावर ते जेथे सोडले तेथे माणसांवरील हल्ले वाढल्याचे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. लोकांनी जिवाभावाची माणसे गमावली आहेत, हे विसरून या विषयावर बोलू नये. बंदिस्त गोठे, घराभोवती मोकळी जागा, गावातील उघडा कचरा आणि भटकी कुत्री यांवर नियंत्रण आणि शेतीला दिवसा वीज, या मागण्या रास्त आहेत. तोडणीत पिल्ले सापडल्यास काम थांबवून वन विभागाला कळवावे. बहुतेक वेळा ती त्याच जागी ठेवली की रात्री मादी घेऊन जाते.

१४. आमच्याकडे पडीक माळ आहे. त्यावर झाडे लावली तर पर्यावरणाला मदत होईल ना?

प्रत्येक माळ पडीक नसतो. सुपे, जेजुरी आणि सासवडच्या आसपासची गवताळ माळराने ही स्वतंत्र परिसंस्था आहे. चिंकारा, लांडगा आणि माळावर अंडी घालणारे पक्षी तिच्यावर जगतात. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे तो याच गवताळ मोकळ्या रानामुळे. अशा ठिकाणी खड्डे घेऊन दाट झाडी लावली तर त्यांचा अधिवास जातो आणि मेंढपाळांची चराईही जाते. तेथे मारवेल आणि पवन्या यांसारखी स्थानिक गवते राखणे आणि चराई पाळीपाळीने करणे अधिक हिताचे आहे. झाडे बांधावर, ओढ्याकाठी आणि पूर्वी तोड झालेल्या डोंगरउतारावर लावावीत.

१५. एका कंपनीचे लोक कार्बन क्रेडिटसाठी करार करायला सांगत आहेत. सही करावी का?

घाईने करू नये. मातीत कर्ब वाढवल्याबद्दल पैसे मिळावेत ही कल्पना चांगली आहे, पण तिच्या काही अटी असतात. जो बदल शेतकरी एरवीही करणारच होता, किंवा करून बसला आहे, तो सहसा मोजला जात नाही. म्हणजे पंधरा वर्षे पाचट न जाळणाऱ्याला कदाचित काहीच मिळणार नाही आणि काल जाळणाऱ्याला मिळेल. हा अन्याय आहे असे आम्हाला वाटते. शिवाय साठवलेला कर्ब अनेक वर्षे जमिनीत राहायला हवा आणि एकदा खोल नांगरट केली तर त्यातला बराच पुन्हा हवेत जातो.

म्हणून करारात पुढील गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: मुदत किती वर्षांची आहे, मधेच जमीन विकली किंवा पीक बदलले तर काय होईल, माती तपासणीचा खर्च कोण देणार, आणि क्रेडिट विकल्यावर शेतकऱ्याचा वाटा विक्रीच्या रकमेवर ठरेल की कंपनीचा खर्च वजा करून. करार मराठीत मागावा. जमीन सामाईक असेल तर सातबाऱ्यावरील सर्व खातेदारांना तो वाचून दाखवावा आणि त्यांची संमती झाल्यावरच सही करावी.